रामटेक ते सावनेर : कवितेतील मायबाप

मराठी कवितेत आई आहे तितका बाप नाही, ही तक्रार आपल्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या अधिकाराने केली जाते की तिचा खरेपणा तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. क्रमिक पुस्तकांतून ज्या कविता पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत झाल्या, त्यांत माधव जूलियन यांची ‘प्रेमस्वरूप आई’ आणि कवी यशवंत यांची ‘आई’ या दोन अग्रभागी होत. दोहोंतही आई हयात नाही आणि दोहोंतही पोरका झालेला मुलगा तिला हाक मारीत आहे. आईच्या या विस्तीर्ण राज्यात बापाच्या वाट्याला शिस्त, धाक आणि फार तर कर्तव्य एवढीच दौलत आली, असे कोणी म्हटले तर पुण्यामुंबईच्या कवितेपुरते ते बव्हंशी मान्य करावे लागेल. परंतु नागपूर आणि वऱ्हाड या मुलखात, म्हणजे प्राचीन विदर्भात, जी कविता निर्माण झाली तिचा दप्तरखाना उघडून पाहिला, तर तेथे बापाचे अश्रू फार जुन्या काळापासून नमूद झालेले आढळतात. आणि मातेचे वात्सल्यही तेथे भरल्या घरातून क्वचितच बोलते. जेथे देण्यासारखे काही हाती उरलेले नाही, तेथेच या मुलखातील कवींना मायबाप खऱ्या अर्थाने दिसले आहेत, असे मला या वाचनातून सतत जाणवत आले आहे.

आरंभ रामटेकपासून करावा. आज जो डोंगर नागपूरकरांच्या तोंडी गडमंदिरासाठी आणि कालिदासासाठी आहे, त्या डोंगरावर वाकाटक काळातील केवल-नरसिंहाचे एक लहानसे देवालय उभे आहे आणि त्याच्या भिंतीत एक संस्कृत पद्यमय शिलालेख बसविलेला आहे. लेखाची बरीच अक्षरे झिजली आहेत, काही ओळी तर कायमच्या नाहीशा झाल्या आहेत. तरीही जे उरले त्यावरून संशोधकांनी असा अर्थ लावला आहे की, राणी प्रभावतीगुप्ता हिच्या कन्येने आपल्या मातेच्या पुण्यासाठी येथे एक विष्णुमंदिर उभविले आणि त्या देवाला मातेचेच नाव जोडले. प्रभावती ही गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची पत्नी. पती अकाली निवर्तल्यावर लहान मुलांच्या वतीने तिने नंदिवर्धन येथून, म्हणजे रामटेकच्या पायथ्याजवळच्या आजच्या नगरधनहून, राज्यकारभार पाहिला. तिचे दोन ताम्रपट प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी पहिल्यात ती स्वतःची ओळख युवराज दिवाकरसेनाची माता अशी करून देते, आणि ऋद्धपूर येथे सापडलेल्या दुसऱ्यात दामोदरसेन व प्रवरसेन यांची माता म्हणून. जमिनीच्या दानाची सनद हा काही भावना व्यक्त करण्याचा कागद नव्हे. तथापि राज्याची मोहर उमटविताना या स्त्रीने आपला अधिकार आपल्या मातृत्वावर उभा केला, आणि ती गेल्यावर तिच्या लेकीने तिची स्मृती श्लोकांत गुंफून दगडावर कोरविली. तिचाच पुत्र दुसरा प्रवरसेन हा ‘सेतुबंध’ या महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्याचा कर्ता होय. आपल्या भाषेच्या पूर्वजेत काव्य लिहिणारा राजा आणि आईसाठी देऊळ बांधणारी त्याची बहीण, ही भावंडे नागपूरपासून काही कोसांवरच वाढली, ही गोष्ट नागपूरकरांनी अधिक अभिमानाने सांगावयास हवी.

कालिदासाचा या दरबाराशी असलेला संबंध महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी आयुष्यभर हिरिरीने प्रतिपादिला, आणि रामगिरी म्हणजे रामटेकच, हे त्यांचे मत आज या भागात सर्वमान्यच झाले आहे. त्या कालिदासाच्या ‘शाकुंतला’तील चौथ्या अंकाबद्दल येथे फार लिहिण्याचे कारण नाही. पोटची नसलेली मुलगी सासरी निघाली असता अरण्यवासी कण्वाचा कंठ दाटून येतो आणि संसारी गृहस्थांचे या प्रसंगी काय होत असेल, असा विचार त्या विरक्ताच्या मनात डोकावतो, हे प्रत्येक सुशिक्षित मराठी माणसाला ठाऊक आहे. त्याहूनही मला महत्त्वाचा वाटतो तो भवभूती.

भवभूती हा आठव्या शतकातला नाटककार विदर्भातील पद्मपूरचा. आमगावजवळचे पदमपूर ते हेच, असा निर्णय मिराशींनी दिला आहे. त्याच्या ‘उत्तररामचरिता’त आईबाप आणि मुले यांच्या नात्याची जी मांडणी आहे, तिच्या तोडीचे काही संस्कृतात मला इतरत्र आढळलेले नाही. तिसऱ्या अंकात अदृश्य रूपाने वावरणारी सीता बारा वर्षांनंतर रामाला पाहते, मुलांची आठवण होताच तिला पान्हा फुटतो, आणि तिच्या सोबतीला असलेली तमसा नदी त्या वेळी जे बोलते त्याचा आशय असा की, पतिपत्नींच्या अंतःकरणांना एकत्र बांधणारी आनंदाची एकच गाठ असते आणि तिलाच जग अपत्य म्हणते. हा विचार स्मृतिग्रंथांतला नव्हे. पुत्रामुळे पितृऋण फिटते, नरकापासून सुटका होते, वंश चालतो, यांपैकी काहीही भवभूतीने येथे पुढे केलेले नाही. त्याने मूल हे आईबापांच्या परस्परप्रेमाशी जोडले, आणि तेही अशा प्रसंगी, की जेव्हा त्याच आईबापांची ताटातूट त्यांच्यापैकी एकानेच केलेली आहे. चौथ्या अंकात जनक येतो. राजर्षी, ब्रह्मवेत्ता, वृद्ध. पण मुलीच्या दुःखाने तो इतका जळालेला आहे की ज्ञान त्याच्या उपयोगी पडत नाही. सहाव्या अंकात राम लवकुशांना पोटाशी धरतो, आणि हे आपलेच पुत्र आहेत हे ठाऊक नसतानाही त्या स्पर्शाने विव्हळ होतो. मुलांच्या चेहऱ्यात सीता शोधू लागतो. विचारावे तर धीर होत नाही, न विचारावे तर राहवत नाही. ज्या पित्याने मुलांना जन्मण्यापूर्वीच अंतरविले त्या पित्याच्या पश्चात्तापाला एवढी जागा देणारा कवी या भूमीतला होता, हे ध्यानात ठेवून पुढील कवींकडे वळले पाहिजे.

मधल्या शतकांतून एकाच कुटुंबाचा उल्लेख करतो. चोखामेळ्याचे जन्मस्थान बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा हे मानले जाते. संतपरंपरेत देवाला माउली म्हणण्याचा प्रघात सर्वत्र आहे. परंतु चोखोबाच्या घरात पती, पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका हे सगळेच अभंग रचणारे, आणि त्यामुळे घरातले नाते आणि देवाशी असलेले नाते यांची वाणी एकमेकींत मिसळून गेली आहे. सोयराबाईच्या बाळंतपणात विठ्ठलाने नणंदेचे रूप घेऊन तिची शुश्रूषा केली, अशी कथा या घराण्याभोवती रुजली. त्या घरात जन्मलेला कर्ममेळा मोठा झाल्यावर मात्र देवाला भांडून विचारतो की आम्हाला हीन कुळात का घातलेस. बापाने पायरीशी उभे राहून जे सोसले, ते मुलाने शब्दांत वादाला आणले. एकाच घरातील दोन पिढ्यांची वेदना पितापुत्रांच्या स्वतंत्र अभंगांतून आपल्यापर्यंत पोचावी, असा योग आपल्या वाङ्मयेतिहासात विरळाच.

विद्वानांच्या आणि संतांच्या काव्याबरोबरच या मुलखात स्त्रियांची एक अलिखित कविता अव्याहत चालू होती. भाद्रपदी पौर्णिमेला घरात भुलाबाई बसते आणि आश्विनी पौर्णिमेला, कोजागरीला, तिची बोळवण होते. हा महिनाभराचा काळ म्हणजे तिचे माहेरपण. नागपुरात महाल, इतवारी, सीताबर्डी या जुन्या वस्त्यांतूनही आणि वऱ्हाडातील खेड्यापाड्यांतूनही मातीची भुलाबाई व भुलोबा मांडून, शेवटच्या दिवशी ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभारून, मुली रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत जात असत, टिपऱ्या खेळत असत, आणि डब्यातला खाऊ वाजवून तो ओळखायला लावीत असत. या गाण्यांतील एका गाण्याचा आशय सर्वांना परिचित आहे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू तिला कारल्याचे बी पेरायला सांगते. मग वेल वाढू दे, मग फूल येऊ दे, मग कारले लागू दे, मग भाजी कर, मग सर्वांना जेवू घाल, आणि एवढे झाल्यावर मला नको, सासऱ्याला विचार. सासरा दिराकडे पाठवितो, दीर नणंदेकडे. एखादा अर्ज कचेरीत एका कारकुनाकडून दुसऱ्याकडे जात राहावा आणि त्यावर हुकूम काही होऊ नये, तशी त्या मुलीची विनंती घरभर फिरत राहते.

या गाण्यात आई एक शब्दही बोलत नाही आणि बाप प्रत्यक्ष दिसतही नाही. तरीही ते सगळे गाणे आईबापांविषयीच आहे. सहासात वर्षांच्या मुली, ज्यांची लग्ने जुन्या काळी थोड्याच वर्षांत व्हावयाची असत, त्या स्वतःच्या आईच्या अंगणात उभ्या राहून उद्याच्या वियोगाचा पाठ हसतखेळत गिरवीत होत्या आणि ऐकणाऱ्या आया, ज्या स्वतः त्या वियोगातून गेलेल्या होत्या, त्यांच्या हाती खाऊ देत होत्या. वात्सल्याची ही शिकवण कोणत्याही ग्रंथाच्या आधाराविना शेकडो वर्षे चालली. तिची नोंद आपण नीट केलेली नाही.

अव्वल इंग्रजीत नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी झाली, १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभारही तिला जोडला गेला, आणि कचेऱ्या, शाळा, छापखाने यांच्या आश्रयाने नवी कविता येथे आली. रेव्हरंड ना. वा. टिळक धर्मांतरापूर्वी नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या पदरी काही काळ होते, आणि त्या दिवसांतील ओढगस्त त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त जशी रंगविली आहे तशी दुसऱ्या कोणाला रंगविता आली नसती. बाण लागलेल्या पक्षिणीचा जीव पिलांपाशी अडकतो, ही टिळकांची करुणा पुढे साऱ्या महाराष्ट्राच्या मुलांनी पाठ केली.

राम गणेश गडकरी यांचे नागपूरशी असलेले नाते मात्र केवळ मृत्यूचे आहे. गोविंदाग्रज या नावाने त्यांनी लिहिलेल्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेत मूल दगावलेली आई ते झोपलेच आहे असे धरून चालते, मेले म्हणणाऱ्यावर संतापते, भोवतालच्या माणसांनी गलबला करू नये म्हणून विनविते. बालपणीच पितृछत्र हरपलेल्या या कवीला शोकाची ही पायरी कशी उमगली असेल, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. कारण शोक करण्यापूर्वी माणूस शोक नाकारतो, हे त्याने ज्या निश्चयाने दाखविले आहे, त्यात अलंकारप्रियतेसाठी प्रसिद्ध असलेला त्याचा हात कमालीचा आवरलेला आहे. प्रकृती खालावल्यावर गडकरी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे भावाकडे आले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. ‘वाग्वैजयंती’ हा त्यांचा कवितासंग्रह त्यानंतर, १९२१ मध्ये निघाला.

आता या इतिहासाचा जो मध्यबिंदू मी मानतो त्याकडे येतो. नारायण मुरलीधर गुप्ते यांचा जन्म १८७२ साली मलकापुरास झाला, वऱ्हाडातील सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करण्यात त्यांची उमर गेली, आणि कविता त्यांनी ‘बी’ या एकाक्षरी नावाआड लपून लिहिली. ‘फुलांची ओंजळ’ हा संग्रह १९३४ मध्ये बाहेर पडला तेव्हा ते साठी ओलांडून गेले होते. त्यांच्या ‘माझी कन्या’ या कवितेतला प्रसंग अगदी साधा आहे. मुलगी रडत घरी येते. श्रीमंतांच्या मुलींनी तिला तिच्या साध्या कपड्यांवरून, दागिने नसण्यावरून हिणविले आहे, भिकारीण म्हटले आहे. बाप तिला जवळ घेतो, प्रथम लाडाने विचारतो, मग तिच्या रूपगुणांची वाखाणणी करतो, सोन्यामोत्यांपेक्षा ती स्वतःच कशी मोलाची आहे ते सांगतो. येथपर्यंत कविता आपल्या अपेक्षेच्या मार्गाने चालते. परंतु बोलता बोलता बापाचे स्वतःचेच दुःख वर येते: अशी गुणी लेकरे देव आमच्यासारख्या करंट्यांच्या घरी का घालतो? आणि तो म्हणतो की देवाच्या त्या दूरच्या गावी जाऊन हे कोडे त्यालाच विचारून येतो. गावाला जायचे म्हणताच मुलगी सगळे दुःख विसरते, त्याच्या गळ्यात हात टाकते, आणि मीही येते म्हणून सांगते.

या शेवटाजवळ थोडे थांबले पाहिजे. देवाच्या गावी जाणे म्हणजे काय, हे बापाला ठाऊक आहे, वाचकाला ठाऊक आहे, मुलीला ठाऊक नाही. तिच्या लेखी गाव म्हणजे बैलगाडी, प्रवास, बापाचा सहवास. तिच्या त्या अजाण होकाराने बापाची जी अवस्था झाली असेल, ती ‘बी’ सांगत नाहीत; कविता तेथेच संपते. कारकुनाच्या तुटपुंज्या पगारात मुलीच्या अंगावर घालायला जे नव्हते, त्याची भरपाई बाप शब्दांनी करू पाहतो, आणि शब्द त्याला अशा जागी आणून सोडतात की मुलीची सांत्वना होते ती त्याच्या बोलण्याचा अर्थ न कळल्यामुळे. आपल्या कवितेत पितृप्रेमाचे याहून सच्चे चित्र मला ठाऊक नाही. राजर्षी जनकाला जे ज्ञान उपयोगी पडले नाही, तेच या कचेरीतल्या बापालाही पडत नाही. मधे अकराशे वर्षे लोटली, एवढेच.

‘बी’ यांच्यानंतरच्या पिढीत आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल, यांनी हे वात्सल्य घराबाहेर नेले. अनिल जन्माने मूर्तिजापूरचे आणि कर्माने नागपूरचे. कुसुमावती देशपांडे यांच्यासह त्यांचे घर हे दीर्घकाळ या शहराच्या साहित्यजीवनाचे केंद्र होते. १९४३ मध्ये त्यांनी ‘निर्वासित चिनी मुलास’ हे मुक्तछंदातील दीर्घकाव्य प्रसिद्ध केले. जपानी आक्रमणाने घरदार आणि आईबाप हिरावलेल्या, कधी न पाहिलेल्या परदेशी मुलाला मराठी कवीने उद्देशून बोलावे, हे त्या काळी सर्वस्वी नवे होते. पण नागपुराला चीन अगदीच परका नव्हता, कारण १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकात डॉ. कोटणीस यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्या काव्यात काही ठिकाणी वक्तृत्व कवितेवर मात करते, हे खरे. तरीही दुसऱ्याच्या पोरक्या मुलापुढे स्वतःला बाप म्हणून उभे करण्याची ती वृत्ती कण्वाच्या कुळातली आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या नागपुरात दोन कवींनी आईचे चित्र पार बदलले, आणि तेही एकमेकांशी काहीही न जुळणाऱ्या मार्गांनी. ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे, यांच्या १९६७ मधील ‘संध्याकाळच्या कविता’पासून पुढे सर्वत्र आई आहे, पण ती वंदनीय मूर्ती राहिलेली नाही. तिच्याभोवती संधिप्रकाश आहे, ओढ आहे, अपराधाची सावली आहे, आणि मुलगा तिच्यापासून सुटूही शकत नाही, तिच्यापाशी पोचूही शकत नाही. दुर्बोधतेचा आरोप त्यांच्यावर पुष्कळ झाला. माझ्या मते त्या दुर्बोधतेचे एक कारण हेच की, आईविषयी जे बोलण्याची आपल्या समाजात मुभा नव्हती ते त्यांना बोलावयाचे होते.

वामन निंबाळकरांना असा आडपडदा परवडण्यासारखा नव्हता. १९५६ च्या धम्मदीक्षेने ज्या नागपुराला नवा आवाज दिला, त्या नागपुरातून ‘गावकुसाबाहेरील कविता’ हा त्यांचा संग्रह १९७३ मध्ये आला. आईवरच्या त्यांच्या कवितेत संध्याकाळी इतर घरांतून भाकरीचा वास येत असतो आणि ही भावंडे अंधारात आईची वाट पाहत असतात. ती दिवसभर जंगलात सरपण वेचते. मोळी विकली तर चूल पेटायची, नाही तर उपाशी निजायचे. एके दिवशी ती सर्पदंश होऊन घरी आणली जाते, मंत्रतंत्र होतात, वैदू येतो, आणि दिवसाबरोबर तिचाही शेवट होतो. एवढे सांगून झाल्यावर मोठा झालेला मुलगा सांगतो की, आजही डोक्यावर मोळी घेतलेली हडकुळी बाई दिसली की तो तिचे सगळे सरपण विकत घेतो. आईचे ऋण फिटत नाही, असे म्हणणाऱ्या शेकडो कवितांपुढे ही एक कविता मला वजनदार वाटते, कारण हा मुलगा खिशात हात घालून काहीतरी करतो. गडकऱ्यांची आई मृत्यू नाकारते; निंबाळकरांच्या मुलाला तेवढीही सवड मिळालेली नाही.

या साऱ्या परंपरेत मुलांनी मायबापांसाठी केलेले एक काम नजरेआड होऊ नये. खानदेशात सोपानदेव चौधरींनी आपल्या निरक्षर आईच्या ओव्या टिपून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये बहिणाबाई महाराष्ट्राला मिळाल्या. देवदत्त टिळकांनी आईला लिहिते केले म्हणून ‘स्मृतिचित्रे’ झाली. अकाली गेलेल्या कवी दत्तांची कविता त्यांच्या मुलाने, वि. द. घाटे यांनी, संपादून जपली. भुलाबाईच्या गाण्यांना असा लेक अद्याप पुरेसा लाभलेला नाही. महिनाभराची भुलाबाई पुष्कळ घरांत पाच दिवसांवर आली आहे, आणि ज्या आज्यांना प्रत्येक गाण्याचे वऱ्हाडी, नागपुरी, झाडीपट्टीतले वेगवेगळे पाठ तोंडपाठ होते, त्या एकेक करून जात आहेत. १९२३ साली स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ आज सीताबर्डीवर आहे, विद्यापीठाचा मराठी विभाग आहे, घरोघरी ध्वनिमुद्रणाची साधने आहेत. ज्यांच्या घरी आईच्या किंवा आजीच्या हातची गाण्यांची वही असेल त्यांनी ती येत्या कोजागरीच्या आत उतरवून अशा एखाद्या संस्थेकडे द्यावी; आणि वही नसेल, पण म्हणणारी अजून घरात असेल, तर तिच्याजवळ आजच बसावे आणि तिला म्हणायला लावावे.